खालचं सॉकेट

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून लिहून ठेवणार आहे, कारण या घरात बोलायची सोय राहिलेली नाही. मी तोंड उघडलं की फुकिको "हं" म्हणते आणि मुळा किसायला लागते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण माझ्या कुठल्याही वाक्याला तिने मुळ्याइतकं महत्त्व दिलेलं नाही.

तर नोंद अशी. आज मुकाईने नवं सॉकेट बसवलं. मुकाई म्हणजे खालच्या वळणावरचा वीजसामानाचा दुकानदार. आमच्या संगीत ऐकणाऱ्या मंडळात एके काळी खूप माणसं होती, आता तो आणि मी असे दोघेच उरलोत. सॉकेट मी स्वतःही बसवलं असतं. पण परवान्याशिवाय भिंतीतल्या तारेला हात लावणं हा गुन्हा आहे, आणि पाणीपुरवठा खात्यात जन्म काढलेला माणूस म्हातारपणी गुन्हा करणार नाही. परवाना मुकाईकडे आहे.

सॉकेट साधं नाही. आतल्या पट्ट्यांवर ऱ्होडियम या महागड्या धातूचा मुलामा आहे, आणि प्लग असा आवळून धरतं की लावताना जोर लावावा लागतो. जुनं सॉकेट माझ्या संगीताच्या खोलीबाहेर, घरातल्या बोळात कमरेच्या उंचीवर आहे, घर बांधलं तेव्हाचं. नवं त्याच भिंतीत, पण अगदी जमिनीलगत. मुकाई म्हणाला, "तार जितकी आखूड तितकं बरं." अँप्लिफायरची वायर दाराच्या फटीतून बोळात नेली.

"भिंतीला अजून एक भोक?" फुकिको म्हणाली.

"भोक नाही गं. ऱ्होडियम आहे."

"मग त्या ऱ्होडियमभोवतीचा चुना तुम्हीच झाडा."

रात्रीच्या जेवणाआधी चेलोची रेकॉर्ड लावली. ऐकली. काहीही फरक नाही.

हे फक्त इथे लिहितोय. मुकाईला म्हणालो, "वा!"

८ ऑक्टोबर, बुधवार

फरक नसण्याचं कारण कळलं. सॉकेट कोरं आहे. नवा जोडा चावतो, तसं नवं सॉकेटही आधी मुरवावं लागतं. त्यातून बराच काळ भरपूर वीज वाहू द्यायची. मंडळातले जुने लोक त्यासाठी फ्रिज लावायचे. आमचा फ्रिज बोळात येत नाही, म्हणून भाताचा कुकर लावला.

फुकिको बोळात कुकरसमोर हात बांधून उभी राहिली. "म्हणजे आता मी इथे स्वयंपाक करायचा?"

"फक्त भात. थोडे दिवस."

जेवताना तिने एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अहो, भात काय मोकळा गायलाय आज!"

मला वाटलं, हिला पटायला लागलं. मग बघतो तर खांदे हलतायत. हसा म्हणावं. पण एक सांगतो, भात खरंच चांगला झाला होता.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उघडला! आवाज उघडला! चेलोच्या तारेवर गज टेकतो ती जागा आज ऐकू आली. आता कुणी काहीही म्हणो.

मुकाईला सांगितलं, तर तो म्हणाला, "तोकिएदा-सान, सॉकेट ही पहिली पायरी. खरी गोष्ट खांबाची." पश्चिमेकडच्या एका डॉक्टरने म्हणे अंगणात स्वतःचा विजेचा खांब रोवलाय. गल्लीचा खांब सगळ्यांचा असतो, शेजाऱ्यांचे फ्रिज, पंप, केस वाळवायची यंत्रं आपापली घाण त्याच तारेत सोडतात. आपला खांब, आपला ट्रान्सफॉर्मर, आपली स्वच्छ वीज.

अंगण मोजायला माणूस बोलावलाय. मोजायला काय जातं?

१८ ऑक्टोबर, शनिवार

मोजायला बरंच जातं. शेजारणीने माणूस पाहिला आणि नागोयाला आमच्या कानाएला फोन केला. मुलीचा फोन दुपारी खणखणला.

"बाबा, तुम्ही अंगणात विजेचा खांब लावताय?"

"अजून ठरलं नाही."

"अजून ठरलं नाही! आई कुठेय?"

"कांद्याच्या वाफ्यात."

"आईचा गुडघा तसा आणि ती वाफ्यात? बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

सदतीस वर्षं आमच्या आख्ख्या नुमाझू गावाच्या नळाला पाणी दिलं. एक दिवस चुकलं नाही. आणि आज माझ्या पोटची पोर माझ्या डोक्याची चौकशी करते. मी म्हणालो, "डोकं ठिकाणावर आहे, आणि कान तर तुझ्यापेक्षा ठिकाणावर आहेत," आणि फोन ठेवला. कानाए लहानपणी माझ्या मांडीवर बसून रेकॉर्ड ऐकायची.

उद्या दोघं येतायत. ती आणि जावई.

१९ ऑक्टोबर, रविवार

लढाई झाली. सविस्तर लिहितो.

जावई तेत्सुरो मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. चांगला माणूस आहे, तीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर ओरडता आलं असतं. त्याने बॅगेतून एक यंत्र काढलं, दोन्ही सॉकेटं मोजली आणि म्हणाला, "बाबा, दोन्हीकडे सारखंच आहे."

"यंत्राला सारखं असेल."

"धरणापासून तुमच्या भिंतीपर्यंत मैलोन्‌मैल साधी तार आलीय. शेवटची वीतभर भारी केली, तर फरक कसा पडेल?"

मी म्हणालो, "जपून बोल. शेतापासून ताटापर्यंत तांदूळही मैलोन्‌मैल येतो. पण चव कळते ती शेवटच्या वीतभरातच, ताट ते तोंड."

तो हसला. कानाए हसली नाही. तिने वसंतात काढलेला विषय पुन्हा बाहेर काढला. हे घर विकायचं आणि त्यांच्या इमारतीत खाली रिकामा होणारा फ्लॅट घ्यायचा. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. "आईला हा चढ झेपत नाही, बाबा. डॉक्टरांनी पट्टा दिलाय गुडघ्याला. आणि तुम्ही खांब लावताय!"

त्या फ्लॅटची भिंत आपली नसते. तिथे सॉकेट बदलायचं नाही, खिळा ठोकायचा नाही. शिवाय नागोयाची वीजच वेगळी आहे. इथली सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, तिथली साठ. माझा जुना रेकॉर्ड प्लेअर त्या हेलकाव्यांवरच फिरतो. तिकडे नेला तर सगळं वेगात पळणार, गाणारी बाई धापा टाकत गाणार. तेत्सुरो म्हणाला, "आतली एक चकती बदलली की झालं." त्याच्या लेखी सगळंच एक चकती बदललं की होतं.

शेवटी तोच म्हणाला, "बाबा, पैज लावू. डोळे बांधून बसा. कधी हे सॉकेट, कधी ते. दहा वेळा. नऊ वेळा बरोबर ओळखलंत, तर घराचा विषय आम्ही पुन्हा काढणार नाही. नाही ओळखलंत, तर नव्या वर्षाच्या आत नागोयाला या."

"कबूल!" मी म्हणालो. विचारही केला नाही.

सॉकेट बदलायचं काम फुकिकोचं ठरलं. तेत्सुरो म्हणाला, "आईंना यात काही रस नाही, त्या कुणाच्याच बाजूच्या नाहीत." फुकिको चहा ओतत होती. ओतता ओतता थांबली, तेत्सुरोकडे पाहिलं आणि पुन्हा ओतायला लागली.

तिला मी विचारलं नाही. विचारायचं काय? गुडघा बघता तिला जायचंच असणार. म्हणजे माझ्या विरुद्ध तिघं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सराव. मुकाई दुकानातून सुटला की येतो, पण सॉकेट बदलायला त्याला वाकवत नाही, आणि मीही त्याला ते करायला सांगत नाही. मीच बदलतो, मीच ऐकतो. कुठलं लावलंय ते ठाऊक असतं, म्हणून दरवेळी बरोबर येतं. याचा अर्थ काय घ्यायचा ते कळत नाही.

फुकिकोने कांद्याची रोपं लावून संपवली. चार ओळी. मी म्हणालो, "अगं, हे कांदे निघणार उन्हाळ्यात. आपण तेव्हा नागोयात असलो तर?"

"असलो तर," ती म्हणाली आणि पाणी घालायला लागली.

बायकांना सवय असते. हात रिकामे ठेवत नाहीत.

१ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. भीती वाटते. घर गेलं तर या खोलीतला आवाज गेला. ही खोली मी आवाजासाठी अठ्ठावीस वर्षं लावलीय, कुठे गादी, कुठे पुस्तकं, कुठली फळी सैल आणि कुठली घट्ट. ती उचलून नेता येत नाही. हरलो तर हरलो म्हणून मान खाली घालून जाणार नाही, एवढं ठरवलंय. सुकवलेल्या माशाचं एक खोकं आणि सगळ्या रेकॉर्डी घेऊन जाईन, आणि रोज त्या साठ हेलकाव्यांना शिव्या देईन.

फुकिको गायनमंडळातून आली आणि म्हणाली, "उद्या नीट झोपून उठा. कान ताजे पाहिजेत." तिने असं कधी म्हटलं नव्हतं. हरणाऱ्याची दया येत असेल.

२ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो. दहापैकी दहा.

सावकाश लिहितो, कारण हा माझ्या आयुष्यातला मोठा दिवस आहे.

दार बंद. खोलीत डोळ्यांवर टॉवेल बांधून मी. तेत्सुरो माझ्या समोर, माझ्या चेहऱ्यावर नजर ठेवून. कानाए रेकॉर्ड लावायला. फुकिको एकटी बाहेर बोळात, हातात तेत्सुरोने नाणं उडवून भरलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठीत असेल ते सॉकेट लावायचं आणि दारावर टिचकी मारायची. मग तेत्सुरो अँप चालू करणार. आज तिच्या गुडघ्याला पट्टा नव्हता, म्हणजे बरं वाटत असावं.

पहिल्या खेपेला अँप चालू झाला, चेलो वाजला, आणि मला ठाम कळलं. साधं. बरोबर! दुसऱ्यांदा चांगलं. बरोबर! तिसऱ्यांदा चांगलं. बरोबर! कानाएचा श्वास मोठा झालेला मला ऐकू येत होता.

मला कसं कळत होतं ते इथे नमूद करून ठेवतो, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल. फरक संगीतात नाहीच, शांततेत आहे. साध्या सॉकेटवर शांतता कोरी असते. लावलं, टिचकी, झालं. चांगल्या सॉकेटवर शांततेला खोली येते. अशी खोली, की दाराबाहेर फुकिकोचा गुडघा कटकन वाजलेला कळतो, उठताना तिने घेतलेला दम कळतो, कपड्याची सळसळ कळते. एवढा बारीक तपशील साध्या सॉकेटवर मला एकदाही मिळाला नाही. आणि गंमत म्हणजे हे सगळं अँप चालू व्हायच्या आधी होतं! तेत्सुरोच्या यंत्रात हे मोजायला काटाच नाही.

सातव्या खेपेला घोळ होत होता. शांतता चांगली वाटेना, वाईटही वाटेना. टिचकीही येईना. मला घाम फुटला. तेवढ्यात गुडघा वाजला, आणि जरा थांबून पुन्हा वाजला, पहिल्यापेक्षा मोठ्याने. शंका उरली नाही. "चांगलं!" मी ओरडलो.

दहावी झाल्यावर टॉवेल काढला. तेत्सुरो कागदाकडे बघत बसला होता. मग तो उठला आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला. "बाबा, मला याचं उत्तर नाही." मोठ्या मनाचा माणूस आहे, हे मी आधीच लिहिलंय.

कानाए बोळात गेली. "आई, तू काही केलंस?"

"मी? चिठ्ठीत होतं ते केलं. तुझ्या नवऱ्याचं अक्षर मात्र सुधारायला सांग."

दोघं संध्याकाळच्या गाडीने गेली. फुकिकोने गुडघ्याला पुन्हा पट्टा बांधला आणि पाय वर घेऊन बसली. थंडी पडायला लागलीय. मी तिला म्हणालो, "तुझी निराशा झाली असेल."

"फार," ती म्हणाली आणि मुळ्याच्या लोणच्याची बरणी पुढे सरकवली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लिहू की नको? लिहितो. वहीपुढे कसला मान!

मुकाईला विजयाची कथा सांगितली. तो म्हणाला, "मलाही दाखवा की." म्हणून आज पुन्हा तीच तयारी केली. बोळात मुकाई. त्याने सॉकेटासमोर उशी टाकली आणि तिच्यावर मुक्काम ठोकला. मी डोळे बांधले. दहापैकी पाच.

पुन्हा केलं. दहापैकी चार.

शांतता दरवेळी सारखी! खोली नाही, तपशील नाही, काहीच नाही. भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखं.

"आज वीज खराब असेल," मुकाई म्हणाला.

"असेल."

"किंवा माझा हात. सकाळपासून मासे सुकवत होतो."

तो गेल्यावर बराच वेळ रेकॉर्ड लावली नाही. तेत्सुरो माझ्यापुढे वाकला होता. तो नमस्कार मला पचेना.

८ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. तेत्सुरोला फोन करून खरं सांगायचं. म्हणजे मग घर जाणार, हे कळत होतं. पण खोट्या विजयावर बसून चेलो ऐकू येत नाही. दोन दिवस प्रयत्न केला, नाही येत.

फुकिकोला सांगितलं. "अगं, मुकाईबरोबर नापास झालो. मी तेत्सुरोला कळवतोय. आवराआवर करावी लागेल."

तिने सुरी खाली ठेवली.

"काय कळवताय?"

"की मी ओळखू शकलो नाही."

"ओळखलंत की! दहापैकी दहा!"

"ते तू लावलंस तेव्हा."

"मग? पैज कशाची होती? मी लावायचं आणि तुम्ही ओळखायचं. मुकाईबरोबर संसार केलात का तुम्ही?"

"फुकिको, हा शास्त्राचा प्रश्न आहे."

"शास्त्र राहू दे तिकडे!" आमच्या घरात हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गायनमंडळात ती वरच्या पट्टीत गाते म्हणे, आज कळलं. "कानाए माझ्या गुडघ्याबद्दल बोलते. जावई माझ्या गुडघ्याबद्दल बोलतो. डॉक्टर बोलतो, शेजारीण बोलते, तुम्ही बोलता. सगळ्यांनी गुडघ्याला विचारलं, मला एकाने तरी विचारलं? हा चढ मी रोज चढते, कारण मला चढायचाय. वर आलं की समुद्र दिसतो. कांदे मी लावलेत, ते मीच काढणार. मी कुठेही जाणार नाही. तुम्हाला फोन करायचा असेल तर खुशाल करा आणि एकटे जा नागोयाला, पळणारी गाणी ऐकत!"

मी थक्क झालो. चाळीस वर्षं ऱ्होडियम म्हटलं की नाक मुरडणारी बाई सॉकेटच्या निकालासाठी माझ्याशी भांडते! म्हणजे तिलाही पटलंय. आतून केव्हाच पटलं असणार, कबूल करवत नव्हतं एवढंच.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तिच्याही होतं, पण तिने पुन्हा सुरी उचलून कांदा चिरायला घेतला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

तरीही फोन केला. माझा स्वभाव आहे, काय करणार! तेत्सुरोला सगळं सांगितलं, मुकाईचे पाच आणि चार, काही न लपवता. तो हळूच म्हणाला, "बाबा, मग आता..."

पुढचं वाक्य मला ऐकायला मिळालं नाही, कारण फुकिकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"तेत्सुरो, मी बोलतेय. सॉकेट गेलं खड्ड्यात. मला यायचं नाही. हो, मला. नाही, गुडघा ठीक नाही, दुखतो, आणि इथेच दुखणार आहे. कानाएला सांग, कांदे तयार झाले की दोघं या, पोतं भरून देते." आणि ठेवला.

"सॉकेट गेलं खड्ड्यात" हे ती रागाच्या भरात म्हणाली, त्याचं मी मनावर घेत नाही.

मग एक नवलच झालं. मी चेलो लावायला खोलीत गेलो, तर ती मागोमाग आली. अठ्ठावीस वर्षांत ही बाई या खोलीत केर काढायला सोडून आली नव्हती. माझ्याशेजारी बसली, पट्टा सोडला, पाय लांब केले.

"अगं, आता नीट लक्ष दे. आधी खालचं सॉकेट ऐकवतो, मग वरचं लावतो, म्हणजे तुला फरक..."

"अहो, गप्प बसा. ऐकू द्या."

बसलो गप्प. रेकॉर्डची एक बाजू संपली, ती उठली नाही. मी उलटून दुसरी लावली. तीही संपली. तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता. थकली असणार.

आणि काय सांगू, असा आवाज या खोलीत आजवर कधी लागला नव्हता! गज, तार, लाकूड, वाजवणाऱ्याचा श्वास, सगळं हाताला लागेल इतकं जवळ. खांब नाही, काही नाही, नेहमीचीच वीज. रविवार, कारखाने बंद, हे एक कारण असू शकेल. पण मागचे सगळे रविवारही रविवारच होते. उद्या सकाळी मुकाईला विचारायला हवं, आज गावात व्होल्टेज किती होतं.